पगाराचे मानधन कसे झाले

नाशिकच्या इंदिरानगरमध्ये राहणाऱ्या माणसाला नावे कशी पडतात हे समजून घेण्यासाठी भाषाशास्त्राचे ग्रंथ उघडावे लागत नाहीत. महामार्ग ओलांडला की पलीकडे जी वस्ती लागते तिला महानगरपालिकेच्या कागदोपत्री 'नवीन नाशिक' विभाग असे भारदस्त नाव आहे. परंतु तिथला रहिवासी, रिक्षावाला किंवा भाजीवाली यांपैकी कोणीही 'मी नवीन नाशकात राहतो' असे म्हटलेले ऐकिवात नाही. ते सारे 'सिडको'त राहतात. १९७० साली स्थापन झालेल्या शहर आणि औद्योगिक विकास महामंडळाच्या इंग्रजी नावाची ही आद्याक्षरे. पण त्यांचा विस्तार किती जणांना सांगता येईल याची शंकाच आहे. एका सरकारी कंपनीचे नाव लोकांनी आपल्या घराचा पत्ता म्हणून वापरले आणि ते रुजले.

दुसऱ्या अंगाला पाथर्डी फाट्याच्या डोंगरात लेणी आहेत. शिलालेखांत त्या डोंगराचे नाव त्रिरश्मी असे येते. लेणी बौद्ध भिक्षूंची, परंतु लोकांनी ती पांडवांना देऊन टाकली आणि 'पांडवलेणी' हेच नाव रूढ झाले. नाव बदलले तसा इतिहासही विस्मरणात गेला. उषवदाताने गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे ३००० कार्षापणांची ठेव ठेवली, त्यांतील २००० दरमहा शेकडा एक आणि १००० दरमहा शेकडा पाऊण या व्याजाने, आणि त्या व्याजातून भिक्षूंच्या चीवरांचा खर्च भागवायचा, असा व्यवहार तिथल्या भिंतीवर कोरलेला आहे. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यापेक्षा बोलका पुरावा कुठला हवा? विणकरांच्या संघटनेची पत राजाच्या जावयाला विश्वासार्ह वाटत होती, ही गोष्ट 'पांडवलेणी' या शब्दामागे पार दडून गेली आहे.

या लेखात मात्र स्थळनामांचा विचार करावयाचा नाही. श्रमाला आणि श्रमाच्या मोबदल्याला जी नावे दिली जातात, ती कोण देते, त्यांचे अर्थ कसे सरकतात आणि त्या सरकण्याची किंमत रुपयांत कोणाला मोजावी लागते, हा विषय आपल्या चळवळीच्या जिव्हाळ्याचा आहे. तरीही तो आपल्या बैठकांत क्वचितच चर्चेला येतो.

मराठीतील श्रमविषयक शब्द बहुतांशी बाहेरून आलेले आहेत. 'मजूर' फारसीतून आला, 'हमाल' अरबीतून आला, 'पगार' पोर्तुगीजांनी दिला आणि 'मिस्त्री'ही त्यांचाच. शब्द परके असल्यामुळे काही बिघडले नाही. बिघडले ते त्यांच्या प्रवासात. 'मुकादम' म्हणजे मुळात पुढे असलेला, अग्रणी. जुन्या कागदपत्रांत गावच्या पाटलाला मोकदम म्हणत. आज हा शब्द ऊसतोडीच्या टोळीला उचल देऊन बांधून घेणाऱ्या कंत्राटदाराला लागतो. 'बिगार' म्हणजे बिनमोबदल्याचे सक्तीचे काम, आपण ज्याला वेठ म्हणतो ते. वेठबिगार कायद्याने गेली. परंतु बांधकामावर विटा-वाळू वाहणाऱ्या, रोजावर काम करणाऱ्या माणसाला आजही 'बिगारी' असेच म्हणतात. त्याला रोज मिळतो, म्हणजे शब्दार्थाने तो बिगारी राहिलेला नाही; तरी नाव मात्र त्याच्या पणजोबाच्या गुलामीचे आहे. 'नाका' हा शब्दही असाच. पूर्वी नाक्यावर मालाची जकात घेतली जाई. जकात गेली, नाका उरला, आणि सकाळी सात वाजता त्याच नाक्यावर माणसे उभी असतात व त्यांचा भाव ठरतो.

या साऱ्या शब्दांत मला सर्वांत अस्वस्थ करणारा शब्द 'कोयता' हा आहे. ऊसतोडीच्या व्यवहारात एक कोयता म्हणजे एक जोडपे. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि माणूस एकटा असेल तर तो अर्धा कोयता. मुकादमाची वही कोयत्यांनी भरते, उचल कोयत्यामागे ठरते, टनाचा हिशेब कोयत्याच्या नावे होतो. हत्याराचे नाव माणसाला लागले, इतकेच येथे घडलेले नाही. दोन माणसांचे श्रम एका हत्यारात मोजले गेले आणि त्या दोघांपैकी एकीचे नाव हिशेबातून नाहीसे झाले. तोडलेल्या उसाच्या मोळ्या बांधणारी, त्या डोक्यावरून गाडीपर्यंत नेणारी, पहाटे उठून भाकरी थापणारी बाई त्या वहीत कुठेच नाही. तिचे श्रम उसाबरोबर काट्यावर चढतात, परंतु पैसे नवऱ्याच्या हातात आणि बहुधा ते आधीच उचलीत फिटलेले.

त्याच बोलीत 'खाडा' हा दुसरा शब्द आहे. खाडा म्हणजे गैरहजेरी. खाडा झाला की पैसे कापले जातात. मग कारण ताप असो, पाळी असो की बाळंतपण. बीड जिल्ह्यातील ऊसतोड बायकांमध्ये गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण किती आहे याची चर्चा २०१९ साली देशभर झाली, राज्य सरकारला नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. त्या वेळी वर्तमानपत्रांनी डॉक्टरांविषयी पुष्कळ लिहिले आणि ते योग्यच होते. परंतु 'कोयता' आणि 'खाडा' या दोन शब्दांची सांगड घातल्याशिवाय ती शस्त्रक्रिया समजत नाही. बाई अर्ध्या कोयत्याहून अधिक काही नाही असे ज्या व्यवहाराने ठरवले, त्याच व्यवहाराने तिच्या शरीराचा महिन्याचा क्रमही खाड्यात धरला.

हे शब्द निदान बाजाराने घडवले. सरकारने घडवलेल्या शब्दांची कथा याहून चमत्कारिक आहे. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा सुंदर, घरगुती शब्द आपल्याला मिळाला. अंगणवाडी चालवणाऱ्या बाईला 'सेविका' म्हटले, तिला साहाय्य करणारीला 'मदतनीस' म्हटले, आणि दोघींना जे पैसे मिळतात त्याला 'मानधन' म्हटले. मानधन हा शब्द आपल्याकडे कोणासाठी होता? वसंत व्याख्यानमालेतल्या वक्त्यासाठी, कीर्तनकारासाठी, संमेलनातल्या कवीसाठी. ज्याचे पोट अन्य मार्गाने भरते, जो आपल्या सवडीने येतो आणि ज्याच्या विद्येची किंमत करता येत नाही अशी आपली भावना असते, त्याच्या हाती नारळासोबत आपण जे पाकीट ठेवतो ते मानधन. ते कमी असले तरी त्याने कुरकूर करायची नसते, कारण त्यात धनापेक्षा मान मोठा.

हा शब्द उचलून तो अशा बाईला लावला गेला, जी रोज ठरल्या वेळी येते, मुलांना शिकवते, वजने घेते, आहार वाटते, गरोदर स्त्रियांच्या नोंदी ठेवते, लसीकरणाच्या दिवशी घरोघर फिरते, आणि हे सारे आता मोबाइलवरच्या पोषण ट्रॅकरमध्ये भरूनही देते. तिच्या कामात सवड कुठे आहे? ती न आल्यास तिच्यावर कारवाई होते. कामाची वेळ, जागा, पद्धत आणि शिस्त हे सर्व ज्याच्या हाती तो मालक, ही व्याख्या आम्ही पदवीच्या पहिल्या वर्षाला शिकवत असू. परंतु शब्द मानधन असल्यामुळे किमान वेतनाचा प्रश्न उद्भवत नाही, भविष्यनिर्वाह निधीचा उद्भवत नाही, निवृत्तिवेतनाचा तर नाहीच. दिवाळीत कारखान्यातील कामगाराला बोनस मिळतो. कायद्याने तो त्याचा हक्क आहे. अंगणवाडी सेविकेला दिवाळीत जे मिळते त्याचे सरकारी नाव 'भाऊबीज भेट' असे आहे, आणि अलीकडच्या वर्षांत ती भेट २००० रुपयांची असते. बोनसवर वाटाघाट करता येते, तो वाढवून मागता येतो, न दिल्यास दाद मागता येते. भावाने ओवाळणीत काय घालावे यावर कोणती बहीण संप करील?

बहिणींनी संप केलाच, हे त्यांचे मोठेपण. २०१७ च्या सप्टेंबरात राज्यभरातल्या अंगणवाड्या बंद पडल्या. त्यानंतर मार्च २०१८ मध्ये सरकारने अंगणवाडी कर्मचाऱ्यांना अत्यावश्यक सेवा परिरक्षण कायदा, म्हणजे मेस्मा, लागू करण्याचा आदेश काढला आणि विधिमंडळात गदारोळ झाल्यावर त्याच महिन्यात तो स्थगित केला. वाचकांनी या आदेशाचा नीट विचार करावा. पैसे देण्याची वेळ आली की ही बाई स्वेच्छेने समाजसेवा करणारी, म्हणून तिला मानधन. आणि तिने काम थांबवले की तिची सेवा इतकी अत्यावश्यक की तिला तुरुंगाची भीती घालावी. एकाच बाईसाठी दोन शब्दकोश, आणि दोन्ही सरकारच्याच कपाटात.

न्यायालयात या शब्दाची चांदी तपासली गेली ती २५ एप्रिल २०२२ रोजी. गुजरातेतील अंगणवाडी सेविकांच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की त्यांना १९७२ च्या कायद्याप्रमाणे उपदान, म्हणजे ग्रॅच्युइटी, मिळाली पाहिजे, आणि त्यांना दिले जाणारे मानधन हे कायद्याच्या व्याख्येप्रमाणे वेतनच होय. एका शब्दाच्या अर्थावर देशभरातील लक्षावधी स्त्रियांच्या म्हातारपणाची पुंजी अवलंबून होती. शब्दांच्या वादाला जे कार्यकर्ते 'नुसता शब्दच्छल' म्हणून बाजूला सारतात, त्यांनी हा निवाडा डोळ्यांसमोर ठेवावा.

मानधनाच्या पाठोपाठ त्याची भावंडे आली. २००५ साली ग्रामीण आरोग्य अभियानात इंग्रजी आद्याक्षरे जुळवून 'आशा' हे नाव तयार झाले, आणि तिला पगार नव्हे, मानधनही नव्हे, तर कामागणिक 'मोबदला' ठरला. २००० साली महाराष्ट्राने शिक्षकाला 'शिक्षण सेवक' केले. प्राथमिक शाळेत दरमहा ३००० रुपये. महाविद्यालयांत 'तासिका तत्त्वावरील' प्राध्यापक आले, ज्यांचा तास बुडाला की पैसे बुडतात, आणि ज्यांना उन्हाळ्याच्या सुटीत पोट नसते असे विद्यापीठांनी गृहीत धरलेले दिसते. २०१३ साली ४५ व्या भारतीय श्रम परिषदेने योजनांत काम करणाऱ्यांना कामगार म्हणून मान्यता द्यावी, किमान वेतन व सामाजिक सुरक्षा द्यावी अशी शिफारस केली. परिषदेत सरकार, मालक व कामगार तिघेही असतात. शिफारस आजवर शिफारसच राहिली.

येथे आपल्या चळवळीने स्वतःकडेही पाहिले पाहिजे. 'सेवा' हा शब्द सरकारने हवेतून काढलेला नाही. १९०५ साली गोखल्यांनी भारत सेवक समाज स्थापन केला, १९४१ साली राष्ट्र सेवा दलाची नव्याने उभारणी झाली. त्या सेवकांनी स्वतःच्या मर्जीने दारिद्र्य पत्करले, आणि त्या त्यागामुळे शब्दाला तेज आले. राज्यसंस्थेने पुढे ते तेज उसने घेऊन दुसऱ्यांवर दारिद्र्य लादले. त्याग करणारा स्वतः निवडतो. सेविकेने काही निवडलेले नसते. हा भेद आपण वेळीच ठासून सांगितला नाही, याचे कारण 'सेवा' म्हटले की आपल्याला आपलेच काही वाटते.

मान देऊन हक्क टाळण्याची ही रीत नवी नाही, आणि ती ओळखण्याचे पहिले श्रेय नाशिककडेही जाते. ज्या शहरात १९३० साली काळाराम मंदिराचा सत्याग्रह झाला, त्या जिल्ह्याचे भाऊराव ऊर्फ दादासाहेब गायकवाड आणि डॉ. आंबेडकर यांनी १९३८ च्या आरंभी मुंबई विधिमंडळात 'हरिजन' हे नाव कायद्यात घालण्यास विरोध केला. ज्यांचे नाव ठेवले जात आहे त्यांची संमती नाही, एवढाच त्यांचा मुद्दा असता तरी तो पुरेसा होता. बहुमताने तो फेटाळला आणि स्वतंत्र मजूर पक्षाचे सदस्य सभात्याग करून गेले. देवाचे नाव दिल्याने पाणवठा खुला होत नाही, हे त्यांनी ओळखले होते. पुढे ज्यांचा प्रश्न होता त्यांनी 'दलित' हा शब्द स्वतः उचलला. त्यात गौरव नव्हता, वस्तुस्थिती होती, आणि म्हणून चळवळीच्या कामी तो शब्द आला. २०१५ मध्ये अपंगांना 'दिव्यांग' म्हणण्याची सूचना पंतप्रधानांनी केली, तेव्हा त्यांच्या अनेक संघटनांनी असाच आक्षेप घेतला: आम्हाला दिव्यत्व नको, जिना चढावा लागणार नाही अशी कचेरी हवी.

याउलट उदाहरणही महाराष्ट्रातच आहे. माथ्यावर ओझे वाहणारा तो माथाडी. मुंबईच्या बाजारात हा शब्द हिणवण्यासारखाच होता. अण्णासाहेब पाटलांनी तो संघटनेच्या नावात घेतला, आणि १९६९ साली तो कायद्याच्या नावात गेला: माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार. मंडळे स्थापन झाली, मालकाने मजुरीबरोबर लेव्ही भरायची, त्यातून भविष्यनिर्वाह निधी, उपदान, रजा. कायम मालक नसलेल्या माणसाला कायद्याने कामगार ठरवण्याचा हा प्रयोग त्या काळी अपूर्व होता. पुण्यात बाबा आढावांनी हमाल पंचायत उभी केली, आणि १९९३ मध्ये तिथेच कचरा वेचणाऱ्या बायकांनी 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' या नावाने संघटना बांधली. हे नाव माझ्या दृष्टीने अर्थशास्त्राचा एक धडा आहे. शहर ज्याला कचरा म्हणते त्याला या बायकांनी कागद, काच आणि पत्रा म्हटले. म्हणजे तो विकाऊ माल ठरला, आणि तो वेचणारी कष्टकरी ठरली. अर्थात मिळवलेला शब्दही गंजू शकतो. औद्योगिक वसाहतींत 'माथाडी' म्हटले की काही उद्योजकांच्या कपाळावर आठी पडते, आणि माथाडीच्या नावाखाली खंडणी मागणाऱ्या टोळ्यांनी त्याला कारण पुरवले आहे. ती आठी दाखवून मूळ कायदाच मोडीत काढू पाहणारे आहेत, तेव्हा त्या टोळ्यांना आपल्या रांगांतून दूर ठेवणे हे माथाडी संघटनांचेच काम आहे.

आता सर्वांत नवा शब्द. इंदिरानगरच्या बोगद्यापाशी संध्याकाळी दुचाकीवर पाठीमागे चौकोनी पेटी लावलेली मुले सिग्नलची वाट पाहत असतात. त्यांच्या कंपन्या त्यांना 'डिलिव्हरी पार्टनर' म्हणतात. पार्टनर म्हणजे भागीदार. १९३२ च्या भागीदारी कायद्याप्रमाणे धंद्याचा नफा वाटून घेण्याचा करार करणारे ते भागीदार. या मुलांना नफ्यातला वाटा नाही, हिशेबाची वही पाहण्याचा अधिकार नाही, दर ठरवताना विचारणा नाही. वाटा आहे तो पेट्रोलच्या खर्चात आणि अपघाताच्या जोखमीत. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये त्यांच्यासाठी 'गिग कामगार' हा शब्द आला, परंतु व्याख्येतच पारंपरिक मालक-नोकर संबंधाबाहेर काम करणारा असे म्हटले आहे. कामगार म्हणून दारात घेतले आणि उंबऱ्यावरच बसवले. 'गिग' हा अमेरिकेतल्या जाझ वादकांच्या बोलीतला शब्द, एका रात्रीच्या कार्यक्रमासाठी वापरला जाणारा. आपल्याकडे तमाशाच्या फडाचे, बँडवाल्याचे काम ठरले की 'सुपारी' घेतली म्हणतात. अर्थ अगदी तोच. मुंबईच्या गुन्हेगारी जगताने पुढे सुपारीचा अर्थ कुठे नेऊन ठेवला हे सर्वश्रुत आहे. 'गिग'ऐवजी 'सुपारी कामगार' म्हटले असते तर धोरणकर्त्यांना त्या शब्दातली अनिश्चितता कदाचित ऐकू आली असती. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये उबरच्या चालकांविषयी निर्णय देताना करारात कोणता शब्द लिहिला आहे त्यापेक्षा काम कोणाच्या नियंत्रणाखाली चालते हे पाहिले, आणि त्यांना कामगार ठरवले. आपल्याकडे अंगणवाडीच्या निवाड्यात जे झाले, तेच तिथे झाले.

कोणी म्हणेल, शब्द बदलून चूल पेटत नाही. खरे आहे. आपल्या पक्षपरंपरेला तर हे सांगण्याची गरजच नाही. १९३२-३३ मध्ये नाशिकरोडच्या तुरुंगात ज्या पक्षाची कल्पना आकाराला आली तो १९३४ साली काँग्रेस समाजवादी पक्ष झाला, १९४७ मध्ये कानपूरला त्याने 'काँग्रेस' शब्द गाळला, १९४८ मध्ये याच नाशिकच्या अधिवेशनात काँग्रेस सोडली, मग प्रजा समाजवादी, मग संयुक्त समाजवादी. पाट्या रंगवणाऱ्यांना आपण जितके काम दिले तितके क्वचितच कोणी दिले असेल. आणि १९७६ साली बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने उद्देशिकेत 'समाजवादी' हा शब्द घातला गेला, तेव्हा देशातले कितीतरी समाजवादी गजाआड होते. ज्यांच्या नावाने आमची वसाहत ओळखली जाते त्यांच्याच कारकिर्दीतली ही गोष्ट. १९९१ नंतरच्या खाजगीकरणाला त्या शब्दाने क्षणभरही अडवले नाही. २०२४ च्या नोव्हेंबरात तो काढून टाकण्याची मागणी सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली, परंतु त्याचा अर्थ कल्याणकारी राज्य एवढाच आहे आणि खाजगी उद्योगाला त्याने बाध येत नाही, असेही सांगितले. शब्द राहिला, हे बरे झाले. त्याच्या बळावर कोणाला काही मागता येईल अशी सोय मात्र त्यात नाही.

मागता येणे, हीच माझ्या मते श्रमाच्या शब्दाची कसोटी. १९७२ च्या दुष्काळात ज्या योजनेला वि. स. पागे यांनी आकार दिला आणि १९७७ साली जिचा कायदा झाला, तिच्या नावात 'हमी' होती. हमी म्हटल्यामुळे बाई तहसीलदाराच्या दारात उभी राहून काम दे म्हणू शकत होती. अलीकडचा शब्द 'लाभार्थी' आहे. लाभार्थ्याची यादी असते, आणि यादीतून नाव काढता येते. २०२४ साली 'माझी लाडकी बहीण' योजनेत दरमहा १५०० रुपये देण्यास सुरुवात झाली. गरीब घरात त्या पैशाचे मोल किती हे ठाऊक असणारा कोणीही त्याला नावे ठेवणार नाही, मीही ठेवत नाही. परंतु 'लाडकी' या शब्दात लाड करणाऱ्याची मर्जी आहे.

तेव्हा निदान एवढे ताबडतोब करण्याजोगे आहे. अंगणवाडी आणि आशा संघटनांची जी निवेदने आपले कार्यकर्ते लिहून देतात, त्यांत 'मानधनवाढ मिळावी' असे वाक्य अजूनही सर्रास असते. २०२२ च्या निर्णयानंतर ते 'वेतन' असेच लिहावे, आणि निर्णयाची तारीख त्यात घालावी. भाऊबीज भेटीच्या रकमेवर चर्चा करण्यापूर्वी बोनस असा विषय कार्यक्रमपत्रिकेवर लिहून घ्यावा. आणि गळीत हंगामापूर्वी साखर कारखान्यांकडे जी मागणीपत्रे जातील, त्यांत दर टनाच्या आकड्याच्या आधी हे कलम असावे, की मुकादमाच्या व कारखान्याच्या नोंदीत कोयता हे माप राहणार नाही. नवऱ्याचे नाव एका ओळीत, बायकोचे दुसऱ्या ओळीत, आणि तिच्या पैशांसाठी तिच्या नावाचे वेगळे बँक खाते.